आधी दावं सोडायचं

मैत्रिणींनो, मे महिना सरत आला की तुमच्या घरी कसली लगबग असते? लोणच्याच्या कैऱ्या, सांडग्या-पापडांचे डबे, मुलांच्या वह्यांना कव्हरं. आमच्या सांगलीत, त्यातून गावभागात राहणाऱ्या बायकांच्या यादीत आणखी एक काम असते. पोटमाळ्यावर जागा करायची. शिलाईचे मशीन, सासूबाईंची पितळेची भांडी, बँकेची पुस्तकं, मुलांची सर्टिफिकिटं, सगळे वर. का, ते तुम्ही ओळखले असेलच. कृष्णामाई दारात येते. पूर्वीच्या बायका पायरीवरच तिची ओटी भरायच्या आणि ती आल्या पावली परत जायची. २०१९ साली मात्र ती पायरीवर थांबली नाही. देव्हाऱ्यापर्यंत आली आणि गाद्या-गिरद्यांपासून धान्याच्या कोठीपर्यंत सगळ्याचा चिखल करून गेली.

आमच्या घरच्या त्या पावसाळी यादीत तेव्हापासून एक पिशवी वाढली आहे. दाराच्या मागे खुंटीला असते. सासूबाई तिला ‘मोत्याची ट्रंक’ म्हणतात. मोत्या म्हणजे आमचा कुत्रा. जात विचाराल तर रस्त्याची. थोरल्याने शाळेतून येताना दप्तरात घालून आणलेला. त्या पिशवीमागची हकिकत मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही. आज सांगते, कारण पावसाळा तोंडावर आहे आणि तुमच्यापैकी कुणाच्या तरी दारात असाच एखादा मोत्या, एखादी मनी शेपूट हलवत असेल.

५ ऑगस्ट २०१९. श्रावणी सोमवार आणि त्याच दिवशी नागपंचमी. मी दिंडं उकडायला ठेवली होती. आमच्याकडे त्या दिवशी विळीला हात लावत नाहीत. चिरायचं नाही, कापायचं नाही, मुक्या जिवाला इजा नको म्हणून. बाहेर पाऊस कोसळत होता आणि गल्लीतली पुरुष मंडळी आयर्विन पुलाकडे पाणी बघायला फेऱ्या मारत होती. आमच्या गावाला पाणी मोजायची सवयच आहे म्हणा ना. १९२९ साली झालेला हा पूल, त्याच्यापाशी पाणी किती फुटांवर आलं यावर सांगलीची झोप ठरते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. आमच्या वाड्याच्या भिंतीवर त्याची खूण होती. हे म्हणाले, “त्याच्या वर काही जात नाही. आपण वरच्या मजल्यावर राहू.” सासूबाई म्हणाल्या, “मी ह्या घरात आले त्याला पन्नास वर्षं झाली, जिना नाही चढलं पाणी.” मीही ऐकले. खरं सांगायचं तर दिंडं केली होती, घर सोडून जायला कुणाचा पाय निघतो?

बुधवारपर्यंत २००५ ची खूण पाण्याखाली गेली. वीज नाही, फोन बंद, प्यायचं पाणी घागरीच्या तळाला. दुपारी बोट आली. त्या बोटीतल्या माणसांना मी आजही मनातल्या मनात नमस्कार करते. तीन दिवस झोपलेली नव्हती ती. सासूबाईंना त्यांनी लहान मुलासारखं उचलून घेतलं. मग मी, थोरला, धाकटी, हे. मोत्या माझ्या साडीला बिलगून उभा. पुढचा माणूस म्हणाला, “ताई, जनावर नको. अजून माणसं घ्यायची आहेत.”

धाकटी तेव्हा दुसरीत होती. तिने भोकाड पसरले. मी म्हटलं, राहू दे, दोन दिवसांत येऊच. बोट सुटली आणि मोत्याने जिन्यावरून पाण्यात उडी घेतली. आमच्या मागे हात-पाय मारत येऊ लागला. बोट परत फिरवावी लागली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी उतरले, त्याला मानेला धरून गच्चीवर नेलं, घमेल्यात पाणी ओतलं, चपात्यांची चळत ठेवली, आणि पुन्हा उडी मारू नये म्हणून कपडे वाळत घालायच्या दोरीने त्याला पाण्याच्या टाकीच्या नळाला बांधलं.

होय, बांधलं. हाताने दोन गाठी मारल्या. त्याने माझा हात चाटला, म्हणून तिसरी मारली नाही, एवढंच.

विश्रामबागेत वन्संच्या फ्लॅटवर आम्ही पोचलो. उंचावर असल्याने तिकडे पाणी नव्हतं. गरम चहा मिळाला, कोरडे कपडे मिळाले. मी मनात त्या बोटीवाल्यावर धुसफुसत होते. एका कुत्र्याने काय बोट बुडणार होती? दुसऱ्या दिवशी, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळची बातमी आली. आमच्याच जिल्ह्यातलं, पलूस तालुक्यातलं गाव. पुरातून माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती तिच्यात. बायका, मुलं वाहून गेली. वन्संच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी पोळपाटापाशी तशाच उभ्या राहिलो. तो बोटीवाला बरोबर होता. घाबरलेलं जनावर बोटीत बिथरलं असतं तर आमच्यासकट सगळे पाण्यात गेले असते. त्याची चूक नव्हतीच.

मग चूक कुणाची?

दोन दिवसांचे चार झाले, चाराचे सात. पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. एवढं पाणी सासूबाईंच्या आठवणीत नव्हतं. रोज रात्री मी मनात चपात्या मोजायची. आज संपल्या असतील. पाणी पावसाचं साठत असेल. दोरी किती लांब सोडली होती? सावलीपर्यंत पुरते का? ह्यांना विचारायची सोय नव्हती, त्यांचाही चेहरा तसाच. धाकटी काही बोलत नव्हती. एकदा तिचा फ्रॉक धुवायला घेतला तर खिशातून मुंग्यांची रांग निघाली. आत अर्धी चपाती. “मोत्याची आहे,” म्हणाली. मग म्हणाली, “आई, आपण परत येणार आहोत हे मोत्याला कुणी सांगितलं का गं?”

मैत्रिणींनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असतं?

१४ तारखेला, राखीच्या आदल्या दिवशी, आम्ही चिखल तुडवत वाड्यात शिरलो. तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून कळणार नाही. मी पहिल्यांदा गच्चीवर धावले. नळाला दोरीचा तुकडा होता. मोत्या नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून हाक आली. शेजारचे अण्णा, वय पंचाहत्तरच्या पुढे. ते वाडा सोडून गेलेच नव्हते. मोत्या त्यांच्या पायाशी बसलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. दुसऱ्या रात्री त्याचं केकाटणं ऐकून अण्णा मधली भिंत उतरून आले होते. दोरीत पाय अडकून तो लोंबकळायला आला होता. गाठ भिजून घट्ट झालेली, सुटेना. विळीने कापली. पुढचे दिवस दोघांनी भडंग आणि पावसाचं पाणी यावर काढले. अण्णा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “पोरी, सोडून गेलीस ते कळलं गं. बांधून का गेलीस?”

मोत्या मुलांच्या अंगावर उड्या मारत आला. ह्यांचे पाय चाटले. माझ्याजवळ मात्र आला नाही. मी ताटली ठेवली की मी दूर होईपर्यंत थांबायचा. दिवाळी झाली, संक्रांत झाली. घर रंगवून झालं, फ्रीज दुरुस्त झाला, पंचनाम्याचे कागद झाले. हे एक काम राहिलं होतं. ते झालं शिमग्याच्या सुमारास. मी पुरणपोळी लाटत होते, तो येऊन माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपला. पोळी तव्यावर करपली, पण मी पाय हलवला नाही.

आमच्याकडे सांगलीवाडीहून दूध घालायला एक मावशी येतात. त्यांना मी हे सगळं एकदा सांगितलं. त्या म्हणाल्या, “वैनी, आमच्याकडं पाणी चढाय लागलं की आधी दावं सोडायचं. जनावराला पोहाय येतंय, दाव्याला येत न्हाई. आन् सोडायच्या आधी, रस्ता दिसतोय तवरच हाकलून उंचावर न्यायचं. बोटीची वाट बघायची न्हाई.” शिकल्या-सवरलेल्या मला जे कळलं नाही ते त्या शेणा-मुताच्या गोठ्यातून शिकल्या होत्या. माझी चूक बोटीत बसताना झालीच नव्हती. ती सोमवारी झाली होती, रस्ता कोरडा असताना, दिंडं उकडत असताना. तेव्हा पन्नास रुपयांच्या रिक्षात मोत्या, मुलं, सासूबाई, सगळी मावली असती.

आणि हे काही आमच्याच घरचं वेड नाही बरं का. २००५ साली आमच्या सांगलीत पूर आला त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेत कतरिना नावाचं वादळ आलं, न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं. कुत्र्या-मांजरांना बरोबर घेता येत नाही म्हणून कितीतरी माणसं घराबाहेर पडेनात. तिथल्या सरकारने त्यावरून धडा घेतला आणि २००६ साली कायदाच केला की आपत्तीत माणसं हलवायची योजना करताना पाळीव जनावरांचाही विचार करायचा. जनावरांच्या दयेपोटी म्हणा, पण मुळात माणसं वाचावीत म्हणून! ज्याच्यावर जीव आहे त्याला टाकून माणूस हलत नाही, हे त्यांना पटलं. आपल्याकडे बायकांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. गोठ्यात गाय बांधलेली असताना सासूबाई माहेरीसुद्धा राहत नसत.

२०२१ च्या जुलैत, गुरुपौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाणी आले आणि ५० फुटांच्या वर गेले. या वेळी मी दिंडं-बिंडं काही बघितली नाहीत. पेपरातले आणि टीव्हीवरचे आकडे बघायला शिकले होते. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथला पाऊस. कोयनेच्या धरणात १०५ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. ते भरत आलं की दरवाजे उघडतात, पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमात कृष्णेला मिळतं आणि मग आमच्याकडे येतं. इथून खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. तिलाही पूर असला की आमचं पाणी पुढे सरकत नाही, तुंबतं. म्हणजे सांगलीत ऊन पडलेलं असलं तरी घाटमाथ्यावर धार लागलेली असेल तर पिशवी भरायची, एवढा साधा हिशेब आहे. दूध उतू जायच्या आधी आपण गॅस बारीक करतो ना, तसाच.

आम्ही पाणी इशारा पातळीला यायच्या आत निघालो. पण मैत्रिणींनो, कुत्रं घेऊन निघणं सोपं नसतं. ते करोनाचे दिवस. वन्संना आम्ही पाचजण येतोय याचीच धास्ती, त्यात कुत्रा! फोनवर म्हणाल्या, “वहिनी, माणसांना नाही म्हणत नाही, पण सोसायटीत कुत्रं चालत नाही.” हे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता पुन्हा तोच प्रसंग. तेव्हा सासूबाईंनी फोन घेतला. याच सासूबाई, ज्यांनी सोवळ्याच्या वेळी मोत्याला कधी उंबरा ओलांडू दिला नाही! म्हणाल्या, “त्याला खाली पार्किंगात ठेव. मी बसते त्याच्याजवळ खुर्ची टाकून. तुझ्या सेक्रेटरीला मी सांगते काय सांगायचं ते.” आणि खरोखरच तीन दिवस त्या पार्किंगात जपमाळ घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी सोसायटीतली पोरं मोत्याबरोबर चेंडू खेळत होती आणि सेक्रेटरींची पत्नी सासूबाईंना चहा आणून देत होती. मात्र एक गोष्ट मी शिकले. हे बोलणं पाऊस डोक्यावर असताना करायचं नाही. आता दर मे महिन्यात वन्संना आंब्याची पेटी देतानाच विचारून ठेवते.

तर या पिशवीत काय असतं ते लिहून घ्या. त्याच्या लसींची वही, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. पाच दिवसांचं कोरडं खाणं. एक ताटली, एक जुनं पोतं. मजबूत पट्टा, आणि पट्ट्यावर पक्क्या शाईने आपला फोन नंबर. तोंडाला बांधायचं मुसकं, कारण घाबरला की घरचा कुत्राही चावतो. आणि आपल्या घरच्यांबरोबर काढलेला त्याचा एक फोटो, हरवला तर दाखवायला. मांजर असेल तर झाकणाची करंडी हवी. वर जुनी साडी गुंडाळा, अंधारात ते शांत राहतं. करंडी ऐन वेळी आणू नका, आठवडाभर आधी घरात ठेवा. त्यात ते आपणहून जाऊन झोपू दे, म्हणजे धरायला धावाधाव नको. पोपटाचा पिंजरा हलका आणि बंद करता येणारा असू दे.

आणि कितीही आधी ठरवलं तरी एखाद्या वेळी सोडून जायची वेळ आलीच, तर बांधू नका. सगळ्यात वरच्या मजल्यावर, दार उघडं, पाणी दोन-तीन जड बादल्यांत, खाणं उंचावर. बाहेर पडल्याबरोबर मदत करणाऱ्यांना पत्ता द्या आणि आत जनावर आहे असं स्पष्ट सांगा.

पूर ओसरल्यावरचंही सांगते. घुशी-उंदरांच्या लघवीने ते पाणी दूषित झालेलं असतं. त्यातून लेप्टो नावाचा ताप येतो, माणसांना येतो तसा कुत्र्यांनाही. चिखल उपसताना पायात गमबूट हवेत, पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचंच नाही, आणि ताप आला तर घरगुती काढे करत बसू नका, डॉक्टरांना पुराच्या पाण्यात गेलो होतो हे आठवणीने सांगा. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस द्यायची, आणि लेप्टोचीही देतात, ती विचारून घ्या. पुरानंतर गल्लीत भुकेली, बावरलेली कुत्री फिरतात. मुलांना कुणी चावलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात इंजेक्शनला न्या. आपली सांगली हळदीची खरी, पण चावलेल्या जखमेवर हळद दाबू नका, मिरची नको, चुना तर नकोच.

आता थोडं घराबाहेरचं. २०२५ च्या जुलै महिन्यात आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यात, नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण, लोक तिला प्रेमाने माधुरी म्हणत, कोर्टाच्या निकालावरून गुजरातेत जामनगरजवळ वनतारा केंद्रात नेली. तीस वर्षांहून अधिक काळ ती मठात होती. निरोप देताना गावच्या गाव रडलं. पुढे मोर्चे निघाले, सरकारदरबारी बैठका झाल्या. आमच्या घरातही दोन तट पडले. सासूबाई म्हणाल्या, “लेक सासरी जाते तेव्हासुद्धा विचारतात. हिला कुणी विचारलं?” थोरला पुण्याहून फोनवर म्हणाला, “आजी, तिच्या पायांचं दुखणं बघा. सिमेंटवर उभं राहायला हत्ती असतो का?” उच्च न्यायालयाने परंपरेपेक्षा हत्तिणीच्या हिताला जास्त वजन दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलैला तो निकाल कायम केला. कोण बरोबर, यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर अजून एकमत झालेलं नाही, आणि मी ते करायला जातही नाही. पण धाकटी, आता ती आठवीत होती, भात कालवता कालवता म्हणाली, “प्रेम तर आपलंही होतं मोत्यावर.”

सगळे गप्प झाले. पोरीच्या मनात ती दोरी अजून होती.

खरं आहे तिचं. प्रेम नव्हतं म्हणून मी ती गाठ मारली नव्हती. प्रेम होतं, म्हणूनच मारली, त्याने उडी मारू नये म्हणून. पण नुसतं प्रेम पुरत नाही. त्याला आधीपासून केलेल्या तयारीची जोड लागते. नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपायच्या आत आणून ठेवतो, मुलांची फी मुदतीआधी भरतो, तेच प्रेम. बाकीचं रडणं.

त्याच ऑगस्टात पाणी पुन्हा ४० फुटांच्या पुढे आलं. आम्ही आदल्या दिवशीच निघालो होतो. धाकटीने पिशवी काढली, सासूबाईंनी जपमाळ घेतली, आणि मोत्या सगळ्यांच्या आधी रिक्षात जाऊन बसला. अण्णांनाही या वेळी ओढून आणलं. “मी कुठं येतो गं,” म्हणत होते, मोत्याने त्यांचं धोतर सोडलं नाही.

मोत्याच्या तोंडावरचे केस आता पांढरे झाले आहेत. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला दोरी बांधायला लागले की तो उठून खाली निघून जातो. मी हाक मारत नाही. तेवढा हक्क आहे त्याचा.

तुमच्या गावाला नदी नसेल, पण अडचणीची वेळ कुठेही येते. तुमच्या घरी कोण आहे, आणि त्याची पिशवी कुठल्या खुंटीला आहे, मला जरूर लिहा. नसेल तर हा अंक खाली ठेवा आणि आधी ती भरा. पिठलं-भात नंतर टाका, पाच मिनिटं उशीर झाला तर कुणी उपाशी राहत नाही.